नाव ठेवणे आणि नाव विचारणे

मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी आपण त्याचे नाव ठेवतो, आणि ते दहा-बारा वर्षांचे झाले की त्याला नावे ठेवू लागतो. या दोन क्रियांमध्ये मराठी भाषेने अवघ्या एका मात्रेचे अंतर राखले आहे. पहिला विधी पाळण्याच्या दोरीशी, घुगऱ्यांच्या वाटपात पार पडतो आणि त्यात वात्सल्य असते. दुसरा शाळेच्या आवारात, मधल्या सुट्टीत पार पडतो आणि त्यात बहुधा क्रौर्य असते. परंतु दोन्ही वेळी उच्चार करणारे तोंड दुसऱ्याचे असते, आणि ज्याच्या नावाची नोंद व्हायची त्याची जबानी कोणी घेतलेली नसते. या दोहोंच्या मध्ये जी थोडी वर्षे सापडतात, त्यांत भाग्य असेल तर माणसाला एखादा असा सवंगडी लाभतो, की ज्याच्या सहवासात आपण कोण आहोत हे सांगण्याची गरजच पडत नाही. आणि आपण कोण आहोत याचा पहिला अंदाज आपल्याला बहुधा त्याच सहवासात येतो.

या वर्षांवर जगभर चित्रपट निघाले आहेत, आणि त्यांच्या प्रेक्षकांविषयी एक चमत्कारिक गोष्ट माझ्या वारंवार ध्यानात आली आहे. एखादी हेरकथा पाहून बाहेर पडलेले दहाजण कथानकाबद्दल एकमत करतात आणि अभिनयाबद्दल वाद घालतात. या चित्रपटांच्या बाबतीत मात्र मुलांच्या अभिनयाबद्दल सहसा दुमत नसते, आणि मुळात पडद्यावर घडले काय, याच्याच दहा निरनिराळ्या कैफियती ऐकायला मिळतात. एकच साक्ष दहा तोंडांनी दहा प्रकारे का सांगितली जावी, याचा उलगडा करायचा तर एका बेल्जियन चित्रपटाची आणि तो पाहून झालेल्या एका संध्याकाळच्या वादाची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

त्या चित्रपटाचे नाव ‘क्लोज’. लुकास डॉन्ट या तरुण दिग्दर्शकाचा हा दुसरा चित्रपट 2022 साली कान महोत्सवात दाखवला गेला, तेथील ‘ग्रां प्री’ हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान त्याला क्लेअर देनी या फ्रेंच दिग्दर्शिकेच्या चित्रपटासह विभागून मिळाला, आणि पुढल्या वर्षी ऑस्करच्या परभाषिक विभागाच्या अंतिम यादीतही तो दाखल झाला. लिओ आणि रेमी हे तेरा वर्षांचे दोन मुलगे त्याचे नायक. लिओच्या घरी फुलांची शेती. फुलांच्या ओळींतून दोघे धावतात, काल्पनिक शत्रूंशी लढतात, रात्री रेमीच्या घरी एकाच अंथरुणात झोपतात, आणि रेमीला झोप येईना म्हणजे लिओ त्याला एक गोष्ट रचून सांगतो. उन्हाळा संपतो, दोघे नव्या शाळेत दाखल होतात आणि पहिल्याच दिवसांत वर्गातली एक मुलगी त्यांना सहज विचारते, की तुम्ही दोघे जोडपे आहात का. प्रश्न विचारणारीच्या मनात दुष्टावा नाही. ती केवळ नोंद करू पाहते. लिओ घाईघाईने नकार देतो, आम्ही भावांसारखे आहोत म्हणतो. रेमी गप्प राहतो.

त्या प्रश्नानंतर काही मोठे घडत नाही. जे घडते ते इंचाइंचाने घडते. हिरवळीवर पडल्या पडल्या रेमीने डोके टेकले तर लिओ किंचित सरकतो. अंथरूण वेगळे होते. लिओ आइस हॉकीच्या संघात जातो आणि शिरस्त्राणाच्या जाळीआड त्याचा चेहरा दिसेनासा होतो. एके सकाळी तो मित्राची वाट न पाहता एकटाच सायकलवरून शाळेला निघून जातो, आणि आवारात रेमी रडत रडत त्याच्या अंगावर धावून येतो. पुढे शाळेची सहल जाते, त्या सहलीला रेमी आलेला नसतो, आणि परतलेल्या बसमध्ये लिओला त्याची आई सांगते, की रेमी आता या जगात नाही. चित्रपटाचा उरलेला भाग म्हणजे, मीच त्याला दूर लोटले, हे एक वाक्य रेमीच्या आईसमोर उच्चारण्यासाठी एका मुलाला लागलेला काळ.

माझ्या परिचयातले एक निवृत्त मुख्याध्यापक दर महिन्याला आपल्या दिवाणखान्यात पाच-सहा स्नेह्यांना जमवून एखादा चित्रपट दाखवतात. त्या संध्याकाळी माझी भाची माझ्याबरोबर होती. शेजारचे, बँकेत अधिकारी असलेले गृहस्थ होते, ज्यांचा मुलगा नेमका तेरा वर्षांचा. आणि सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे काकू म्हणतो, चहाचे आधण विसरून शेवटपर्यंत बसून राहिल्या होत्या. दिवे लागल्यावर पहिली बोलली ती भाची. “मामा, त्या दोघांचं एकमेकांवर प्रेमच होतं. दिग्दर्शकाने ते स्वच्छ म्हणायला हवं होतं. तो म्हणायला घाबरला.” त्यावर बँकेतले गृहस्थ जवळजवळ दुखावल्यासारखे म्हणाले, “प्रेमबिम काही नाही हो. साधी पोरांची दोस्ती. त्या पोरींनी नसतं खूळ डोक्यात भरवलं, म्हणून हे सगळं झालं.” काकू म्हणाल्या, की मला दोघे मुलगे फारसे दिसलेच नाहीत, मला ती रेमीची आई दिसत राहिली. आणि सर, आयुष्यभर हजेरीपटावर सह्या केलेल्या हाताने चष्मा पुसत, एवढेच म्हणाले, “आपल्याकडून अश्रू वसूल केले. पूर्वी सारा वसूल करीत, तसे. माफीची सोय नाही.”

या चार मतांचा मी पुष्कळ दिवस विचार केला, आणि मला असे दिसू लागले, की भाची आणि ते गृहस्थ परस्परांच्या विरुद्ध टोकांना उभे असले तरी दोघांचा अर्ज एकाच कचेरीत दाखल झालेला आहे. एकीला त्या नात्याच्या रकान्यात ‘प्रेम’ हा शब्द हवा होता, दुसऱ्याला ‘मैत्री’. रकाना कोरा राहावा हे दोघांनाही सोसत नव्हते. आणि चित्रपटात तो रकाना भरण्याचा पहिला तगादा ज्या मुलीने लावला, तिच्याच बाकावर हे दोघे, नकळत आणि चांगल्या हेतूने, जाऊन बसले होते. भाचीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. ज्यांच्या प्रेमाला पडद्यावर पिढ्यानुपिढ्या नावच मिळाले नाही, त्यांच्या दृष्टीने नाव न घेणे हा संयम नसून जुनाच मुखस्तंभपणा ठरतो, आणि हा आक्षेप निराधार नाही. परंतु तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःलाच जे अद्याप कळलेले नाही ते त्याच्या वतीने जाहीर करण्याचा अधिकार मित्रपक्षालाही पोचतो काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

सरांचा आक्षेप वेगळ्या जातीचा होता, आणि परदेशी समीक्षकांतही तो घेणारे अनेक निघाले. एका मुलाचा मृत्यू हे प्रेक्षकाला रडवण्याचे हुकमी साधन आहे आणि दिग्दर्शकाने ते वापरले, असे त्यांचे म्हणणे. डॉन्ट यांच्या ‘गर्ल’ या 2018 सालच्या पहिल्या चित्रपटावरही, कोवळ्या वयातील देहदुःखाचे प्रदर्शन मांडल्याचा आरोप झाला होता, हे या मंडळींना आठवत होते. मला या फिर्यादीत निम्मे तथ्य वाटते. मृत्यूचा प्रसंग चित्रपट दाखवत नाही, चिठ्ठी नाही, कारणाची मखलाशी नाही, हा त्याचा विवेक आहे. लिओचा हात मोडतो आणि प्लास्टर घालताना तो पहिल्यांदा मोकळेपणी रडतो, हे दृश्यही सक्तीच्या वसुलीचे नव्हे. तथापि रेमी ओबो वाजवतो, त्याला झोप येत नाही, यापलीकडे त्याच्याविषयी आपल्याला फार थोडे कळते. ज्याचा जीव गेला त्याची बाजू शेवटपर्यंत ऐकू येत नाही, आणि नावे ठेवणाऱ्या जगाविषयीच्या चित्रपटाने स्वतःही त्या मुलाची जबानी घेऊ नये, ही त्याची खरी उणीव आहे.

‘क्लोज’चे एक बीज शास्त्रीय ग्रंथात आहे, हे सामान्य प्रेक्षकाला ठाऊक नसते. न्यूयॉर्क विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या नायोबी वे यांनी शाळकरी मुलग्यांना वर्षामागून वर्षे भेटून त्यांच्या मैत्रीविषयी बोलते केले, आणि त्यातून सिद्ध झालेले ‘डीप सिक्रेट्स’ हे पुस्तक 2011 साली प्रसिद्ध झाले. डॉन्ट यांनी या पुस्तकाचे ऋण मोकळेपणाने सांगितले आहे. वे यांना आढळले ते असे, की तेरा-चौदाव्या वर्षी हे मुलगे आपल्या मित्राविषयी ज्या उत्कटतेने बोलतात ती एरवी प्रेमकथांतच भेटते. याच्यावाचून आपल्याला वेड लागेल, मनातले सारे याच्यापाशीच ठेवलेले आहे, अशा आशयाचे ते बोलणे असते. तीच मुले सोळा-सतरा वर्षांची झाली, की त्यांच्या बोलण्यातून तो मित्र हळूहळू नाहीसा होतो. वेळ मिळत नाही, विश्वास राहिला नाही, असे ती म्हणू लागतात, आणि आपण तसले नाही हे आवर्जून सांगून ठेवतात. जिव्हाळा म्हणजे बायकी गोष्ट, आणि बायकी म्हणजे कमीपणाची, हे समीकरण वाढत्या मुलाला कोणी फळ्यावर लिहून देत नाही. ते तो आवारातून उचलतो.

मराठी प्रेक्षकाने हा चित्रपट पाहिला म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात त्याला बहुधा कशाचेच नवल वाटत नाही. दोन मुलगे गळ्यात गळा घालून हिंडतात, एका घोंगडीत झोपतात, एकाच ताटात जेवतात, यात जाब विचारण्याजोगे काय आहे, असे ज्यांचे बालपण वाड्यात किंवा चाळीत गेले त्यांना सहज वाटेल. आपल्या भाषेनेही या नात्याला ऐसपैस जागा करून दिली आहे. खेळातला तो भिडू, रानातला सवंगडी, धुळीतला लंगोटीयार. आणि जिवलग हा शब्द तर मित्रालाही चालतो आणि प्रियकरालाही, त्याने आपली सरहद्द कधी आखूनच घेतलेली नाही. रुसवा झाला तर ‘गट्टी फू’ म्हणावे आणि संध्याकाळी पुन्हा गट्टी करावी, असा दोन बोटांवर होणारा तहनामा आपल्या अंगणांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. परंतु एवढ्यावरून आपण निर्दोष ठरत नाही. हळव्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून हाक मारणारे आवार आपल्याही शाळेला आहेच, आणि त्या हाकेनंतर मित्राच्या खांद्यावरचा हात कसा आपोआप खाली येतो, हे पाहायला बेल्जियमला जावे लागत नाही.

नाव आणि ओळख यांचा हाच व्यवहार फ्रान्समध्ये आणखी उघड्यावर आला. सेलीन सियामा यांच्या 2011 सालच्या ‘टॉमबॉय’ या चित्रपटात लॉर नावाची दहा वर्षांची मुलगी नव्या वस्तीत राहायला येते. आखूड केस आणि आखूड चड्डी पाहून लिझा नावाची शेजारची मुलगी तिला मुलगाच समजते आणि नाव विचारते. क्षणभर थांबून उत्तर येते, मिकाएल. मराठी वाचकाला या क्षणाचे मोल चटकन कळावे, कारण ‘आलास’ की ‘आलीस’ याचा निवाडा केल्याखेरीज आपल्याला अनोळखी मुलाशी साधे वाक्यही बोलता येत नाही. उन्हाळाभर मिकाएल मुलांत फुटबॉल खेळतो, पोहतो, लिझाचा जिवलग होतो. आणि शाळा उघडण्यापूर्वी आईला सारे कळते, तेव्हा ती लॉरला झगा घालायला लावून घरोघर खुलासा करायला नेते.

हा चित्रपट शाळकरी मुलांना चित्रपटगृहात नेऊन दाखवण्याच्या तेथील राष्ट्रीय उपक्रमात समाविष्ट झाला, आणि 2013-14 च्या सुमारास, मुलगा व मुलगी यांच्या ठरीव भूमिकांविषयी शाळांतून काय शिकवावे यावर फ्रान्समध्ये मोठे वादंग माजले असताना, तो शाळांतून काढून टाकावा असे अर्ज-विनंत्यांचे सत्र सुरू झाले. 2014 च्या फेब्रुवारीत आर्ते या दूरचित्रवाणी वाहिनीने तो दाखवण्याचे जाहीर केले, तेव्हा सिव्हितास या कर्मठ कॅथलिक संघटनेने प्रक्षेपण रद्द करण्याची मागणी केली. वाहिनीने ती मानली नाही. पाहण्याजोगी गोष्ट अशी, की विरोधकांना तो एका पंथाचा प्रचार वाटला, आणि समर्थकांपैकी कित्येकांना एका अल्पसंख्य समूहाचा दस्तऐवज. लॉर पुढे कोण होईल याविषयी चित्रपट एक अक्षरही बोलत नाही. एका उन्हाळ्यापुरते घेतलेले नाव तो एका उन्हाळ्यापुरतेच दाखवतो. त्याला आयुष्यभराची खानेसुमारी जोडली ती दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनी.

आपल्याकडे ओळखीचा प्रश्न देहापेक्षा जातीच्या वाटेने अधिक आला, आणि तो नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने जितक्या थेटपणे विचारला तितका क्वचितच कोणी विचारला असेल. नायकाचे शाळेतले पूर्ण नाव जांबुवंत कचरू माने. घरी तो जब्या. आणि गावाने त्याच्यासाठी राखून ठेवलेले नाव ‘फँड्री’, म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. तीन नावांपैकी कोणते खरे, याचीच ती कथा. पिऱ्या या सवंगड्याबरोबर तो माळावर काळी चिमणी धुंडाळत हिंडतो, कारण तिची राख टाकली की शालू नावाची वर्गातली मुलगी वश होईल असा त्याला भरवसा. आणि अखेर त्याच शालूच्या, साऱ्या वर्गाच्या डोळ्यांसमोर त्याला बापाबरोबर डुक्कर धरावे लागते. 2014 साली हा चित्रपट प्रदर्शित झाला तो नेमका 14 फेब्रुवारीला. जाहिरातीसाठी वापरलेले प्रीतिगीत तर चित्रपटात नव्हतेच. कोवळ्या प्रेमाची कथा पाहायला म्हणून तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाच्या दिशेने शेवटी जब्याचा दगड आला. कित्येकांना तो दगड आपण स्वतः मारला असे वाटले, कित्येकांना तो आपल्याला लागला असे वाटले. आणि काहीजण, पुन्हा तोच विषय कशाला, असे पुटपुटत वाहनतळाकडे गेले. त्यांनाही तो लागला नसेल असे मी खात्रीने म्हणणार नाही.

जातीइतका उघड नसलेला, पण तितकाच जुना भेद प्रेक्षागृहात स्त्री आणि पुरुष यांच्यामध्येही पडतो. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेला चित्रपट 2012 साली आला; आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गातील जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर आणि त्याचे मित्र पाहून माझ्या वयाच्या पुरुषांना गावाकडचा रस्ता, घंटा आणि वेणीची रिबीन यांची जी गोड हुरहूर लागली, तिचे वर्णन मी कितीदा तरी ऐकले आहे. त्या संध्याकाळी विषय निघाला तेव्हा काकूंनी मात्र शांतपणे विचारले, “आणि ती शिरोडकर? शाळेतून घरी जाताना मागे कोण येतंय ते न बघता चालायचं कसं, हे आम्ही नववीतच शिकलो.” तोच रस्ता आणि तीच रिबीन, एकीला त्या रस्त्याने चालावे लागले होते आणि दुसऱ्याला तो नुसता आठवत होता.

प्रेक्षक आपापल्या गावचा, जातीचा, लिंगाचा दाखला खिशात घेऊनच अंधारात बसतो, हे यावरून खरे वाटेल. तरी त्याला छेद देणारी एक हकीकत ध्यानात ठेवावी. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये वडील वारल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला चिन्मय नव्या मुलांत मुरू पाहतो, आणि भर पावसात त्याच मुलांनी किल्ल्यात एकटे सोडल्यावर दुखावून मिटून जातो. 2014 च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला बालविभागाचा ‘क्रिस्टल बेअर’ मिळाला. आणि तो देणारे पंच ही शाळकरी मुले होती. त्यांना तहसील, सरकारी बदली, कोकणचा पाऊस यांतले काय ठाऊक असणार? परंतु मित्र मागे सोडून गेले म्हणजे भिंती किती उंच होतात, हे ठाऊक असायला ती मुले पुरेशी लहान होती. वय हेही एक गाव आहे, आणि त्या गावची वहिवाट देशोदेशी बरीचशी सारखी असते.

याउलट मोठ्या माणसांना कारण लागते. उमेश कुलकर्णी यांच्या 2009 सालच्या ‘विहीर’मध्ये समीर आणि नचिकेत हे नात्याने भाऊ आणि मनाने मित्र, एकमेकांना पत्रे लिहिणारे, सुट्टीत आजोळी भेटणारे. नचिकेत घर सोडून जाण्याच्या गोष्टी करतो, आणि एके दिवशी लपाछपीच्या खेळातून तो विहिरीच्या पाण्यात कायमचा लपतो. अपघात की आणखी काही, हे चित्रपट सांगत नाही. या मुलाला यमाच्या दारी जाऊन प्रश्न विचारणाऱ्या उपनिषदातल्या मुलाचे नाव दिलेले आहे, एवढी खूण त्याने ठेवली आहे. प्रेक्षकांपैकी एक पंथ मात्र पंचनामा करूनच उठतो; पाय घसरला असेल, वाचलेली पुस्तके डोक्यात गेली असतील, घरच्यांनी लक्ष द्यायला हवे होते. दुसऱ्या पंथाला समीरचे पुढचे भटकणे आणि त्याने अखेर विहिरीला सामोरे जाणे हाच चित्रपट वाटतो, आणि पहिल्या पंथाला तेवढाच भाग रेंगाळलेला वाटतो.

या जातीच्या चित्रपटांची अखेर प्रेक्षकाकडे तोंड वळवून का होते, याचा उलगडा मला याच ठिकाणी होतो. फ्रान्स्वा त्रुफो यांच्या 1959 सालच्या ‘फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये सुधारगृहातून पळालेला आंत्वान समुद्रापर्यंत धावतो, वळतो, आणि त्याची आपल्याकडे लागलेली नजर तिथेच गोठते, त्याआधी त्याचा एकमेव मित्र सायकल मारीत सुधारगृहाच्या दारापर्यंत आलेला असतो आणि त्याला आत सोडलेले नसते. लिओ फुलांच्या शेतात धावता धावता थांबून मागे पाहतो. जब्या नजरेवर न भागवता दगड फेकतो. तिघेही खटल्याचा निकाल सांगत नाहीत. तुम्ही त्या वेळी आवारात कुठे उभे होता, एवढेच विचारतात. ज्याला आपण रेमी होतो असे आठवते तो रडतो. ज्याला आपण प्रश्न विचारणारी मुलगी होतो असे आठवते तो बहुधा दिग्दर्शनातल्या चुका काढतो. आणि आपण लिओ होतो, आपण सरकलो, सायकल पुढे काढली, हे आठवायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण स्वतःच्या अपराधाचे दप्तर माणूस फार आतल्या खणात ठेवतो.

त्या संध्याकाळनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, “आमच्या शाळेत आठवीला दोन मुलं होती. कायम एका बाकावर. इतर पोरं काहीबाही बोलायला लागली. मी एकाला खिडकीकडे बसवलं आणि एकाला दाराशी. वर्गाची शिस्त, असा शेरा लिहिला.” मी विचारले, पुढे काय झाले? “काही नाही,” सर म्हणाले. “काहीच झालं नाही. दोघं दहावी झाले, चांगल्या गुणांनी झाले. पण त्यानंतर मी त्यांना एकमेकांशी बोलताना पाहिलं नाही. मला वाटलं होतं, बंदोबस्त झाला.” थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी विचारले, की पुढल्या महिन्यात तो फ्रेंच चित्रपट लावायचा का, त्या मुलीचा, जी मुलगा झाली होती.

त्याप्रमाणे आम्ही ‘टॉमबॉय’ लावला. बँकेतले गृहस्थ या वेळी आपल्या मुलाला घेऊन आले होते. उन्हाळा सरलेला, गुपित फुटलेले, साऱ्या वस्तीने लॉरविषयी आपापले मत नोंदवून झालेले; आणि गच्चीतून लॉरला दिसते, की लिझा खाली झाडापाशी उभी आहे. ती खाली उतरते. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, आणि लिझा, जिला सारे ठाऊक आहे, तिला पुन्हा एकदा विचारते, तुझे नाव काय? लॉर आपले नाव सांगते आणि चित्रपट संपतो. दिवे लागल्यावर बँकेतल्या गृहस्थांनी मुलाकडे पाहिले आणि काही विचारावे म्हणून तोंड उघडले. सरांनी हात वर करून त्यांना थांबवले. “जरा थांबा,” ते म्हणाले, “त्यालाच बोलू द्या.” मुलाने खांदे उडवले आणि काकूंच्या हातातली बशी घेतली. त्याला काय वाटले ते त्या दिवशी कोणालाच कळले नाही, आणि सरांच्या दिवाणखान्यात प्रथमच कोणी शेरा न लिहिता सभा बरखास्त झाली.